नर्मदेचं चिवट यीस्ट

नर्मदेला एका जागी बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. घास तोंडात, चप्पल पायात आणि एक हात दाराच्या कडीवर, अशी तिची जेवणं व्हायची. पंगतीत ती वाढायला आधी उभी राही, कारण वाढणाऱ्याला बसावं लागत नाही. पाहुणे बघायला आले तेव्हाही तेच. मुलाचा चहा अर्धा कपात असताना हिने कपबशा गोळा करायला घेतल्या. ते स्थळ गेलं ते गेलंच. नर्मदेला त्याचं दुःख झालं नाही, तेव्हा आपणही करायला नको.

तिचे वडील दत्तोजीराव. म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेलं मराठ्यांचं घर ते. स्वतः दत्तोजीराव मात्र घोड्यावर कधी बसले नाहीत, सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. आरामखुर्चीत पडल्या पडल्या दिवसातून शंभरदा ते म्हणत, "सुम्ने बस की गं जरा! किती नाचतीस?" सुम्ने म्हणजे उगी, गप. त्या घरची मराठी अशीच, निम्मी कन्नडात बुडवून काढलेली. बायको गेल्यापासून घरात ही दोघंच, एक कायम बसलेला आणि एक कायम उभी.

ही गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तर सालची. नर्मदा तेव्हा खाण्यापिण्याच्या वस्तूंवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मदतनीस संशोधक होती, आणि तिच्या पायाला भिंगरी लावली होती ती एका यीस्टने. यीस्ट म्हणजे तेच हो, पाव फुगवतं ते. पण हे पावाचं नव्हे. हे नर्मदेला म्हैसूरजवळच्या वरुणा गावाकडे एका गुऱ्हाळावर सापडलं होतं. गेली होती भावकीतल्या बारशाला. बारसं राहिलं बाजूला, ही बया शेजारच्या मळ्यात काहिलीभोवती घिरट्या घालत बसली. उसाच्या रसावरची मळी काढून कडेला टाकली होती, तिच्यावर फेस धरला होता. तो तिने औषधाच्या बाटलीत भरून आणला. बाळाचं नाव काय ठेवलं ते मात्र घरी आल्यावर तिला सांगता आलं नाही.

त्या फेसातल्या यीस्टमध्ये एक एन्झाइम निघालं. डाळीत, हरभऱ्यात, सोयाबीनमध्ये एक साखर असते, ती आपल्या पोटाला तुटत नाही आणि मग आत वारा धरतो. मोठ्या माणसाचं काय, अंगणात चार फेऱ्या मारल्या की निभतं. पण अंगावरचं दूध सुटलेल्या लेकराला डाळीचं पीठ कालवून दिलं की त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं, आणि मग ते रडतं की रडतं. घरात दुसरं काही नसतं तिथे आई बिचारी डाळच देणार ना? नर्मदेच्या यीस्टचं एन्झाइम ही साखर तोडत होतं. ते पिठात मिसळता आलं तर लेकरांची पोटं शांत होणार होती.

पण ते यीस्टमधून बाहेर काढायचं कसं? यीस्टची पेशी म्हणजे एवढासा ठिपका, डोळ्यांना दिसतही नाही, पण तिच्याभोवती भिंत असते. नर्मदेच्या यीस्टची भिंत तर अशी चिवट की काही विचारू नका. आणि एन्झाइम बसलेलं नेमकं त्या भिंतीतच. अख्खं यीस्ट पिठात घालावं तर पेजेला आंबूस वास येणार, लेकरू तोंड फिरवणार. म्हणून ते भिंतीतून सोडवून स्वच्छ पाण्यात यायला हवं होतं. ते आलं की नाही हे बघायची युक्ती सोपी होती. परदेशाहून आलेली एक पांढरी पावडर त्या पाण्यात घालायची, थोडा वेळ ठेवायचं आणि मग सोडा घालायचा. पाणी पिवळं झालं तर एन्झाइम आहे. तसंच राहिलं तर हात हलवत परत या.

नर्मदा हात हलवत परत येत होती. तिने यीस्ट वाळू घालून खलात घोटलं, मनगट सुजेपर्यंत. गोठवलं, वितळवलं, पुन्हा गोठवलं. शेवटी काचेचे बारीक मणी घालून यंत्रात घुसळायला लागली. त्या यंत्राचा आवाज असा की शेजारच्या खोलीतली माणसं खुणांनी बोलत. घुसळताना मध्ये मध्ये थांबून सगळं बर्फात गार करायचं असतं, नाहीतर उष्णतेने एन्झाइम मरतं. हे तिला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण थांबायला दम लागतो, आणि तो देवाने तिला द्यायचाच विसरला होता. "झालंच आता, जरासंच राहिलंय," असं म्हणत ती यंत्र चालूच ठेवी. मग ते सगळं गरगर फिरवून गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी तपासायचं. पाणी पांढरंफटक. पिवळा झालाच तर खालचा गाळ होई. भिंतीचे तुकडे तुकडे झाले, तरी एन्झाइम आपलं तुकड्यांना धरूनच बसलेलं.

तिचे वरिष्ठ गुंडुराव. म्हैसुरातल्या जुन्या रंगाऱ्यांच्या घरातले. आजोबा लुगडी रंगवत, हे काचेच्या नळ्यांत रंग शोधत. माणूस वाईट नव्हता, पण समिती म्हटलं की त्यांना घाम फुटे. एका सकाळी त्यांनी नर्मदेला बोलावून घेतलं.

"नर्मदाबाई, दसरा झाला की काम तपासायला समिती येणार. तोवर एन्झाइम पाण्यात दिसलं तर हे काम तुमच्याकडे राहील. नाही दिसलं तर यीस्ट बेंगळुरूच्या केंद्राला द्यावं लागेल. त्यांच्याकडे पेशी फोडायचं मोठं यंत्र आलंय."

"आणि मी?"

"तुम्ही जॅम विभागात. तिथं माणूस हवाय."

जॅम विभाग! तिथे दिवसभर बाटल्यांच्या रांगेसमोर बसून झाकणं तपासायची. झाकणांचं नर्मदेने एक वेळ सोसलं असतं, पण यीस्ट? ते तिने आणलं होतं, वाढवलं होतं, त्याच्या पायी सहा महिने धड जेवली नव्हती. ते दुसऱ्याच्या हातात जाणार हा विचारच तिला सहन होईना. भीती वाटली की माणसं गप्प बसतात. नर्मदा दुप्पट पळायला लागली.

त्या घाईतच ती चूक झाली.

म्हैसुरात दसऱ्याआधी आयुधपूजा होते हे काही सांगायला नको. सुतार पटाशी पुजतो, बसवाला बस पुजतो, आणि प्रयोगशाळेतली माणसं आपली यंत्रं पुजतात. आदल्या दुपारी सगळे कामाला लागले. यंत्रं बंद करून, धुऊन पुसून त्यांना गंध, कुंकू, शेवंतीची माळ. आणि एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. नर्मदा या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. शिपायांचं घर ना! तिने कपाटासारखा तो मोठा फ्रिजसुद्धा रिकामा करून धुतला. आत तिच्या यीस्टचं शेवटचं भांडं होतं, पाण्यात कालवलेलं, समितीच्या आधी फोडायला राखून ठेवलेलं. सुट्टीत त्यात दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून वर थोडं टोल्युईनही घातलं होतं. टोल्युईन म्हणजे रंगाच्या डब्यासारखा वास येणारं औषध. ते भांडं तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, फ्रिज पुसला, कुंकू लावलं, माळ घातली. तेवढ्यात कुणीतरी कोहळा फोडायला हाक मारली. ही धावली. तिथून चुरमुरे वाटायला धावली. तिथून घरी.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दत्तोजीरावांनी पाटावर पणजोबांची तलवार मांडली, लिंबू ठेवलं, आरती सुरू केली. नर्मदा घंटा वाजवत होती. मध्येच घंटा थांबली.

"काय झालं गं?" दत्तोजीराव म्हणाले.

"अप्पा, माझं भांडं बाहेर राहिलं!"

"कुठलं भांडं? घासायचं?"

तिने पायांत चपला सरकवल्यासुद्धा. भर उन्हाच्या कट्ट्यावर ते यीस्ट सडणार, नासणार, आणि समितीपुढे ती काय ठेवणार? डोंबल? खोलीच्या किल्ल्या दोन. एक गुंडुरावांकडे, आणि ते चार गल्ल्या टाकून राहत. दुसरी चिदंबर नावाच्या राखणदाराकडे, आणि तो सणाला आपल्या गावी, बेट्टदपुरला गेलेला. शहाण्या माणसाने चार गल्ल्या चालल्या असत्या. पण गुंडुरावांना विचारायचं म्हणजे चूक कबूल करायची. नर्मदा हुणसूरच्या बसमध्ये चढली.

बसला पुढे केळीचे खांब बांधलेले. ड्रायव्हरने चाकाखाली लिंबं चिरडली आणि आरामात निघाला, वाटेत प्रत्येक देवळापाशी थांबत. नर्मदेचा जीव नुसता खालीवर. बसायला जागा असून ती दांडीला धरून उभी. कंडक्टर म्हणाला, "कूतकोळ्ळी अम्मा, बसा की! उभं राहून बस जोरात जाणार आहे होय?" सगळी बस हसली. हुणसूरला बस बदलून ती बेट्टदपुरला पोचली तेव्हा उन्हाने आणि रागाने तिचं तोंड लाल झालं होतं. राग अर्थात स्वतःचाच.

चिदंबर अंगणात जेवणाची पानं मांडत होता. तिला पाहून गडबडला. "काय अम्मा, इथवर? घरी सगळं बरं ना?"

"किल्ली दे चिदंबर. आत्ताच्या आत्ता."

त्याने देवघराकडे बोट दाखवलं. तिथे ताटात कोयता, तराजू, मुलाची कंपासपेटी आणि त्यांच्या मधोमध प्रयोगशाळेची किल्ली. किल्लीवर कुंकू, किल्लीवर फूल.

"पूजेला ठेवलीय अम्मा. माझं हत्यार तेवढंच," चिदंबर म्हणाला. "उद्याची बन्नीपूजा, तुमची शमीपूजा, होईतो मी नाही उचलणार. तुम्हाला हवीच असेल तर तुमच्या हातानं घ्या. मी नको म्हणणार नाही."

दुसरं काही कारण असतं तर तिने चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण घरी पाटावर तलवार तशीच ठेवून आली होती ती. ठेवलेलं शस्त्र उचलायचं नाही, हे चालायला लागण्याआधी शिकलेली. तिने हात पुढे केला. चिदंबरची बायको पदराचं टोक तोंडाशी धरून बघत होती. हात ताटापर्यंत गेला आणि नर्मदेने तो मागे घेतला. मग तिथेच, त्या परक्या ओसरीवर, ती पोरीसारखी रडली. त्या माउलीने तिला पायस वाढलं. रडता रडता नर्मदेने ते खाल्लं, आणि मुकाट्याने परतीची बस धरली.

पुढचा दिवस कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. शहर सगळं मिरवणूक बघायला लोटलं होतं आणि ही गच्चीवर फेऱ्या मारत होती. दत्तोजीरावांनी तिच्या हातावर शमीची पानं ठेवली तर तिने त्यांचा चुरा करून टाकला.

प्रयोगशाळा उघडली तेव्हा पहिली नर्मदाच. भांड्यातलं घट्ट पिठासारखं यीस्ट पातळ झालं होतं, रंग चहासारखा, आणि वास, देवा रे! ती भांडं मोरीकडे घेऊन गेली. तेवढ्यात चिदंबर दारातून म्हणाला, "अम्मा, आज यंत्रांना पहिलं काम द्यायचं असतं ना? रिकामं नाही फिरवायचं." खरंच की. पूजेनंतर यंत्र पहिल्यांदा चालवताना त्यात काहीतरी घालावं लागतं, नाहीतर अशुभ. नर्मदेकडे दुसरं होतं काय? "घे बाबा, हेच खा," असं म्हणून तिने तो नासका काला फिरवायच्या यंत्रात घातला. गाळ खाली बसला, वर पाणी निवळलं. आता निवळलंच आहे तर बघावं, म्हणून तिने पावडर घातली. रिकामे हात तिला सोसत नसत, त्यापलीकडे काही मनात नव्हतं. मग सोडा.

पाणी पिवळं झालं. फिकट नव्हे, झेंडूसारखं पिवळंधमक. नर्मदा मटकन स्टुलावर बसली. ती बसलेली पाहून चिदंबरच घाबरला.

घडलं होतं एवढंच. टोल्युईनने आणि खिडकीच्या उबेने यीस्ट स्वतःच स्वतःला पचवायला लागलं. भिंत आपोआप ढिली पडली, आणि महिनोन्‌महिने ठोकून, घुसळून जे हाती लागलं नाही ते कुणी हात न लावता पाण्यात उतरलं. नर्मदेने गुंडुरावांना सगळं सांगितलं, विसरलेल्या भांड्यासकट. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पुन्हा करून दाखवा." तिने नळीत राखलेलं यीस्ट नव्याने वाढवून पुन्हा केलं. भांडं कट्ट्यावर ठेवलं आणि त्याला शिवायचं नाही म्हणून स्वतःचे हात पदरात गुंडाळून व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. दोन दिवसांत तिची चप्पल तुटली. पाणी पुन्हा पिवळं झालं.

समिती यायच्या सकाळी गुंडुराव तिच्याजवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "एक सांगू? हे फार सोपं निघालं. एवढं सोपं असेल तर ते म्हणतील, मग इथंच कशाला हवं? आधी मण्यांनी फोडलं, मग ठेवलं, असं सांगा. तुमच्या हाताशिवाय जमत नाही असं वाटू दे. काम तुमचंच राहील."

नर्मदेने मान हलवली. तिला ते पटलं. का पटू नये? सहा महिने घुसळलं होतंच की तिने. तोंडातल्या तोंडात ती घोकत राहिली, आधी मणी, मग ठेवणं. आधी मणी, मग ठेवणं.

समितीत तिघं होती. अध्यक्ष, लेकरांचे एक म्हातारे डॉक्टर, आणि बेंगळुरूच्या केंद्रातल्या कमलाक्षीबाई. पिवळ्या नळ्या हातोहात फिरल्या. अध्यक्ष खूश झाले. कमलाक्षीबाईंनी नळी उजेडात धरून पाहिली.

"भिंत फोडली कशी?" अध्यक्षांनी विचारलं.

"मण्यांच्या यंत्रात फोडली, मग..." नर्मदेने सुरुवात केली.

म्हातारे डॉक्टर पुढे वाकले. "अस्सं. म्हणजे यंत्र लागणारच. मला वाटलं होतं, हुणसूरसारख्या ठिकाणी एखाद्या लहान कारखान्यात झालं असतं तर... तिकडची लेकरं माझ्याकडे पोट फुगून येतात. यंत्राशिवाय होणारच नाही का, बाई?"

गुंडुराव टाचा वर करून उभे होते. नाही, होणार नाही, एवढंच नर्मदेने म्हणायचं होतं. यीस्ट तिचं राहिलं असतं, खोली तिची राहिली असती.

"होईल," ती म्हणाली. "मणी लागत नाहीत. काहीच लागत नाही. टोल्युईन घालायचं आणि उबेला ठेवून द्यायचं. मी विसरले म्हणून कळलं. कुणालाही जमेल."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसला. अध्यक्ष हसून म्हणाले, "मग तर उत्तमच! एवढं सोपं असेल तर मोठ्या प्रमाणावर लगेच सुरू करता येईल. बेंगळुरूला जागा आहे, माणसं आहेत. कमलाक्षीबाई, घेता ना?" गुंडुरावांनी डोळे मिटून घेतले. पाच मिनिटांत सगळं ठरलं. टाळ्या वाजल्या, कॉफी आली. नर्मदेने आपली कॉफी तशीच ठेवली आणि कपबशा गोळा करायला घेतल्या.

संध्याकाळी कमलाक्षीबाई यीस्ट न्यायला खोलीत आल्या. वयाने थोराड, केस पांढरे, बोलणं कमी. नर्मदेने कपाटातून यीस्टची नळी काढली, कापसाचं बूच तपासलं, पुन्हा तपासलं. भराभरा बोलत राहिली, "फार गार ठेवू नका. उसाच्या रसावर जास्त चांगलं वाढतं. कालवल्यावर हलवू नका, झाकण काढून बघू नका. मलाही दुसऱ्यांदा सारखं बघावंसं वाटत होतं, पण बघायचं नाही."

"बरं," कमलाक्षीबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

नर्मदेने नळी त्यांच्या तळहातावर टेकवली. पण तिची बोटं काही सुटेनात. तिने सोडायचं ठरवलं होतं, मनाने सोडलंही होतं, बोटं मात्र धरून होती. तिला स्वतःचीच लाज वाटली, डोळे भरून आले.

कमलाक्षीबाईंनी नळी ओढली नाही. हात तसाच पुढे धरून त्या उभ्या राहिल्या. बाहेर त्यांची गाडी हॉर्न वाजवत होती, तिकडेही त्यांनी पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने नर्मदेची बोटं एकेक करून सैल झाली, आणि मग त्यांनी नळी पर्समध्ये ठेवली.